व्हायकिंगला कावळा शिवेना

टॉकीजमध्ये पिक्चर येतात आणि जातात. पूर्वी रिळांचे डबे जायचे, आता हार्ड डिस्क जाते. मागे उरतं ते लोकांचं बोलणं. शो सुटल्यावर झाडू मारला की खुर्च्यांखालून चिक्कीचे कागद, खाल्लेली कणसं, एखादी ओली छत्री निघते. आणि बाहेर टपरीवर चहा घ्यायला गेलो की दोन-चार किस्से निघतात. कागद-कणसं मी फेकून देतो. किस्से फेकता येत नाहीत. इतकी वर्षं लोणावळ्यातलं हे एकपडदा थिएटर सांभाळतोय, आता डोक्यात जागा उरलेली नाही. खरं सांगू का, कंटाळा आलाय. पण त्या व्हायकिंग पिक्चरच्या आठवड्याबद्दल लोक अजून विचारतात, म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

तर पिक्चर निरंजन सरांचा. सर पुण्याचे. त्यांचे पिक्चर परदेशात दाखवतात आणि इथे कुणी दाखवत नाही. त्यांच्या डोक्यात व्हायकिंग बसले. व्हायकिंग म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातले दर्यावर्दी, लांब होड्यांतून लूटमार करत हिंडणारे. आता हा बर्फाचा समुद्र सरांना कुठे सापडावा? पवना धरणात! तिकोणा पेठेच्या बाजूला, थंडीतल्या सकाळच्या धुक्यात. "इथे मला नॉर्वे दिसतो," असं ते म्हणायचे. आम्हाला तिथे जन्मभर धरणच दिसलं होतं.

*

त्यांना राजा मिळाला तो आमच्या तिकीट खिडकीमागे. म्हणजे माझे सासरे, आबा.

आधी हे घरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सुमन, माझी बायको, आमच्याच तिकीट खिडकीवर बसते. आबा तिचे वडील, तिकोणा पेठेचे, जमीनजुमला असलेले शेतकरी. आम्ही बौद्ध. लग्न झालं आणि सुमनचं माहेर तुटलं. भावकीनं ठरवलं, ही पेठेत पाऊल टाकणार नाही. आबांनी बैठकीत मान डोलावली. आणि पुढच्याच आठवड्यापासून काही ना काही काम काढून लोणावळ्याला यायला लागले.

यायचे, रीतसर रांगेत उभं राहून तिकीट काढायचे, आणि आत कधी जायचे नाहीत. खिडकीमागच्या स्टुलावर बसून लेकीशी गप्पा मारायचे, चहा प्यायचे, आणि शो सुटला की पब्लिकबरोबर बाहेर पडायचे. गावात कुणी विचारलं तर पिक्चरला गेलतो! पेठेत त्यांची अशी ख्याती झाली की ह्या वयात म्हाताऱ्याला पिक्चरचा लय नाद. कुणी स्टोरी विचारली तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "चांगला हाय. शेवटाला मारामारी हाय." कौटुंबिक पिक्चर असो, नाहीतर संतांचा असो, आबांच्या सांगण्यात शेवटाला मारामारी असायचीच.

सुमनचा धाकटा भाऊ सोपान मात्र कधी आला नाही. सुमननं त्याला कडेवर खेळवून मोठा केलेला. लग्नानंतर तो तिच्याशी बोलायचा थांबला, आणि माझ्याशी बोलायची वेळ आलीच, आबांच्या औषधासाठी वगैरे, तर फोनवर म्हणायचा, "ओ मॅनेजर." सुमनला ह्याचं फार लागायचं. तिला त्याने मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, कारण शिव्या नातेवाइकांना देतात.

तर निरंजन सर थिएटर बघायला आले तेव्हा आबा स्टुलावर बशीतून चहा पीत होते. ह्या मोठ्या मिशा, पांढरी दाढी, धिप्पाड देह. सर जागीच थांबले आणि म्हणाले, हाच माझा राजा. आबांनी बशी खाली ठेवली आणि राजाला काय काम असतं ते विचारलं. सर जरा ओशाळून म्हणाले, काम असं नाही, राजा मेलेला आहे.

"मग जमंल," आबा म्हणाले.

*

शूटिंगमधला एकच किस्सा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

सीन असा की राजा मेलाय. धरणाच्या काठी लाकडांवर त्याला निजवलंय, शेजारी होडी. दगडावर अन्नाचा गोळा ठेवलाय. कावळ्याने तो उचलला की मगच होडीला अग्नी द्यायचा. मी म्हटलं, सर, हा तर आपला दहावा झाला. त्यांना राग आला. म्हणाले, हे नॉर्स आहे, म्हणजे व्हायकिंगांचं, त्यांच्या देवाचे कावळे असतात. हे त्यांनी कुठल्या जाड पुस्तकात वाचलं होतं की स्वतःच रचलं होतं, देव जाणे.

कॅमेरा लावला. कावळे झाडावर रांगेत बसलेले. एकही खाली येईना. गोळ्याला तूप लावून झालं, सुकट ठेवून झाली. उन्हं चढली, व्हायकिंग घामाघूम झाले, सगळे श्वास रोखून उभे. सर कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात लाकडांवरून मेलेला राजा डोळे न उघडता म्हणाला, "सर, मी जित्ता हाय म्हणून त्यो येत न्हाई."

शेवटी जेवणाची सुट्टी झाली. कॅमेरा बंद करायचा राहिला. सगळे पंगतीला बसले आणि मग कावळा सावकाश उतरला आणि गोळा घेऊन गेला. सरांनी सुट्टीतला तो सगळाच्या सगळा शॉट, वाट बघण्यासकट, पिक्चरमध्ये ठेवला. एक कातर लावली नाही.

*

पिक्चर यायच्या आधी, उन्हाळ्यात, आबा गेले. झोपेत गेले. सुमनला निरोप शेजारच्या गावातून आला.

दहाव्याला आम्ही दोघं घाटापासून लांब, रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. आमच्या घरात आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून हे विधी बंद आहेत. मी काही हे मानत नाही. पण सुमनसाठी उभा होतो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. लोक हात जोडून एकेक सांगायला लागले. म्हातारीला सांभाळू. बैलाला विकणार न्हाई. देवळाचं राहिलेलं काम करू. कावळा जागचा हलेना. काय राहिलंय ते घाटावर सगळ्यांना माहीत होतं. शेवटी सासूबाईंनीच सोपानला म्हटलं, ताईचं बोल. सोपाननं एकदा भावकीकडे बघितलं आणि मग स्वतःच्या पायांकडे. बोलला नाही. अखेर दर्भाचा कावळा करून शिवला आणि लोक उठले.

सुमन परत आली आणि संध्याकाळच्या शोला खिडकीवर बसली. स्टूल तिथेच होतं. मला त्या कावळ्याचा राग आला होता आणि सोपानचा त्याहून जास्त. आजही सांगताना येतो. असो.

*

आषाढात पिक्चर लागला. दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही म्हणून आमच्याकडे.

पहिली भानगड पोस्टरची. नाव अशा अक्षरांत लिहिलं होतं की कुणाला वाचता येईना. सर म्हणाले, वाचता येऊ नये अशीच ती लिपी आहे. मग बाहेरचा मोठा बोर्ड आमच्या पेंटरने रंगवला आणि सवयीने आबांच्या शिरस्त्राणाला दोन शिंगं काढली. सरांनी पिक्चरमध्ये शिंगं मुद्दाम ठेवली नव्हती, कारण म्हणे खऱ्या व्हायकिंगांना शिंगं नसायची. ते बोर्डाखाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. पेंटर त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, "साहेब, अजून मोठी करू का?"

सर पायरीवर बसले. लोक मात्र आठवडाभर खिडकीवर येऊन शिंगवाल्या पिक्चरचीच तिकिटं मागत होते.

*

दुसरी भानगड आवाजाची. पिक्चरमध्ये बोलणं जवळजवळ नाहीच. वारा, पाणी, आणि मधूनच कुणीतरी कुठल्यातरी भाषेत एक शब्द टाकतो. पहिल्याच शोला पंधरा मिनिटांत आरडाओरडा सुरू. आवाज! आवाज! मी पडद्यापुढे उभा राहून समजावलं की बाबांनो, मशीन चालू आहे, हे असंच आहे. दुसऱ्या शोला पुन्हा तेच. मग मी वैतागून दारावर बोर्डच लावला: "पिक्चर शांत आहे. मशीन चांगले आहे."

पुण्याहून आलेल्या एका समीक्षक बाईंनी त्या बोर्डाचा फोटो काढून नेला. त्यांना वाटलं, ही सरांचीच ओळ. आणि सरांनीही नाही म्हटलं नाही.

*

परंदवडीचा एक जण पिक्चरमध्ये कुऱ्हाड घेऊन किनाऱ्यावर धावत येतो. कंपनीत सेकंड शिफ्टला असतो. शूटिंगला त्याने मावशी वारली म्हणून रजा टाकली होती. रविवारी बायको-पोरांना घेऊन स्वतःला बघायला आला. त्याच्या मागच्याच रांगेत त्याचा सुपरवायझर, सहकुटुंब.

पडद्यावर हा आला, तोंडाला काळं फासलेलं, कुऱ्हाड उगारलेली, ओरडतोय. पोरगं खुर्चीवर उभं राहून पप्पा पप्पा करायला लागलं. ह्याने पोराचं तोंड दाबलं, पण उशीर झाला होता. सुपरवायझरने पूर्ण पिक्चर शांतपणे बघितला. बाहेर पडताना खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "मावशीच्या मातीला कुऱ्हाड घेऊन गेलतास व्हय?"

*

टाकवे बुद्रुकच्या बचत गटाच्या बायका टेम्पो करून आल्या. व्हायकिंगांच्या अंगावर जी लोकर आहे ती सगळी त्यांनी घरोघरच्या घोंगड्यांतून शिवून दिलेली. त्यांनी स्टोरी बघितलीच नाही. कुणाची घोंगडी कुणाच्या अंगावर आहे, एवढंच चाललेलं. वादळात होडी उलटते, माणसं बुडतात, आणि एक मावशी कळवळून म्हणते, आगं माझी काळी गेली पाण्यात.

शो संपल्यावर त्यांनी सरांना गाठलं. सरांना वाटलं अभिनंदन करताहेत, म्हणून हात जोडून उभे राहिले. मावशींनी घोंगड्या परत कधी मिळतील ते विचारलं आणि वर बजावलं, "त्या मड्यावर पांघारलेली तेवढी नको. बाकीच्या द्या."

मी सुमनकडे बघितलं. ती तिकिटांच्या रांगेकडे बघत होती. तिनं पिक्चर बघितला नव्हता. म्हणाली होती, आबांना लाकडांवर बघवणार नाही.

*

मुंबईचं एक जोडपं भुशी धरणाच्या ट्रॅफिकला कंटाळून आत आलं. नवरा बसल्या बसल्या झोपला. दिवे लागले तेव्हा दचकून उठला, बायको टाळ्या वाजवतेय असं वाटून जोरजोरात टाळ्या वाजवल्या, आणि दारात सर दिसले तर त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "सर, किती दिवसांनी इतकं शांत वाटलं."

सर दोन दिवस खूश होते. मी काय बोलणार? मीसुद्धा गेली कित्येक वर्षं नीट झोपलेलो नाही.

*

आणि कावळा.

हे टाकव्याच्या बायकांच्याच शोला सुरू झालं. राजा लाकडांवर, दगडावर गोळा, झाडावर कावळा. शॉट सरकत नाही. कावळा बसलेला, पब्लिक बसलेलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. अंधारातून एका मावशीचा आवाज आला, अगदी मनापासून, "राजा, तुज्या पोरांकडं आमी बघू. शीव आता."

थिएटरमध्ये कुणी हसलं नाही. उलट दुसरी म्हणाली, राज्य दोघांत सारखं वाटू. तिसरी म्हणाली, राणीला काही कमी पडू देणार नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "इंग्लंड लुटायचं राहिलंय, त्ये आमी लुटू!" आणि तेवढ्यात कावळ्याने गोळा उचलला. पूर्ण थिएटरने श्वास सोडला. एक म्हातारी तर पिशवी घेऊन उठलीच. मी दारात म्हटलं, आजी, पिक्चर बाकी आहे अजून. म्हणाली, "कावळा शिवला. आता काय बघायचं?"

मग ते प्रत्येक शोला व्हायला लागलं. लोक एकमेकांना सांगून यायचे, कावळ्याच्या वेळी काय बोलायचं ते ठरवून यायचे. सर पहिल्या दिवशी तणतणले, लोकांना गप्प करा म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून बरोबर त्याच वेळी मागच्या दाराशी येऊन उभे राहायला लागले. एकदा मला हळूच म्हणाले, हे नॉर्स नाहीये, नाही का? मी म्हटलं, सर, चहा घ्या.

*

गुरुवार, शेवटचा दिवस, तीनचा शो. बाहेर धो धो. खिडकीवर मोजकीच माणसं. मी सुमनच्या मागे उभा होतो, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "दोन."

सोपान होता. भिजलेला. शेजारी सासूबाई, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. त्यांनी हट्टच धरला होता म्हणे, ह्यांना एकदा बघायचंय. सुमननं दोन तिकिटं फाडली आणि पुढे सरकवली. भाऊ-बहीण एकमेकांकडे बघत नव्हते. सासूबाईंनी मात्र खिडकीच्या भोकातून हात आत घातला आणि लेकीची बोटं धरून ठेवली. मागची माणसं चुळबुळायला लागली तेव्हा सोपाननं आईला आत नेलं.

सुमननं खिडकी बंद केली. म्हणाली, मी पण येते. आम्ही दोघं आतल्या दाराच्या पडद्याजवळ उभे राहिलो.

पिक्चर चालू होता तसा चालू राहिला. वारा, पाणी. मग राजाचा सीन आला. आबांचा चेहरा पूर्ण पडद्यावर. सासूबाई सोपानला मोठ्याने म्हणाल्या, किती चांगलं दिसत्यात. मग गोळा, झाड, कावळा. पुढच्या रांगेतल्या पोरांना आता सगळं पाठ होतं. एकाने सुरू केलं, इंग्लंड...

"गप बसा रं," सासूबाई म्हणाल्या. "माझा मालक हाय त्यो."

सगळं चिडीचूप झालं. मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती. सासूबाईंनी पडद्याकडे हात जोडले होते. कावळा बसलेला. मला तो शॉट पाठ होता, कावळा कधी उतरतो तेही पाठ होतं, तरी मी दाराचा पडदा मुठीत आवळला. मी हे मानत नाही, मघाशीच सांगितलं. पण उभा राहून मी मनात म्हणत होतो, बोल रे, बोल.

सोपान उठला. मागच्यांच्या पडद्यात त्याचं डोकं आलं, कुणी बस म्हणालं नाही. त्याने हात जोडले. पहिल्यांदा नुसतंच आबा म्हणाला आणि थांबला. खाकरला.

"आबा, ताईला पंचमीला आणाया मी सोता जातो. भावकीचं मी बघतो."

आणि खाली बसला.

कावळा जरा वेळ तसाच बसून राहिला. मग उतरला, दगडावर दोन उड्या मारल्या आणि गोळा घेऊन गेला. त्या दिवशी कुणी शिट्टी मारली नाही. सुमननं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. होडी पेटली, राजा गेला, धरणावर धुकं आलं, आणि दिवे लागले.

बाहेर आल्यावर सासूबाई सरळ तिकीट खिडकीमागे गेल्या आणि आबांच्या स्टुलावर बसल्या. सुमन त्यांच्या पायांशी. दोघी रडत होत्या आणि मधेच हसतही होत्या. मी चहा सांगितला. सोपान आत येईना. उंबऱ्याशी उभा राहून टपकणारी छत्री झटकत बसला. सवय काय जात नाही, म्हणून मी आपला सगळ्यांना विचारतो तेच विचारलं, पिक्चर कसा वाटला?

त्याने छत्री मिटली.

"चांगला हाय, दाजी," तो म्हणाला. "शेवटाला मारामारी न्हाई, येवढंच."